कळसदर्शन

आमचे आजोबा पक्के वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर गोपीचंदन आणि बुक्का, एकादशीला पाण्यावाचून दुसरं काही तोंडात नाही. गाव मंगळवेढ्याकडचं, त्यामुळे पंढरपूर म्हणजे पहाटे बैलगाडी जुंपली की दुपारी पोचलंच. आषाढी-कार्तिकी त्यांनी कधी चुकवली नाही. पेरणी मागं-पुढं झाली, घरात बाळंतीण असली, एकदा तर सख्खी बहीण अंथरुणाला खिळली होती, तरी आजोबा निघायचे.

पण देवळात जायचे नाहीत. चंद्रभागेत बुडी मारायची, पुंडलिकाला नमस्कार करायचा, मग महाद्वाराच्या रस्त्यानं वर येऊन नामदेव पायरीच्या बऱ्याच अलीकडे थांबायचं. तिथून मान वर करून कळसाला हात जोडायचे. ओठ हलायचे. आजी आम्हा पोरांना घेऊन दर्शनबारीत तासन् तास उभी असायची आणि आजोबा खाली वाळवंटात कुणाच्या तरी कीर्तनात जाऊन बसलेले असायचे.

आम्हा नातवंडांना याचं भारी कौतुक. गर्दीत आपली भर नको, कळस दिसला तरी पुरे, असा त्यांचा भाव असणार हे आम्हीच ठरवून टाकलं होतं. सातवीत मी 'माझे आजोबा' या निबंधात तसं लिहिलंही. गुरुजींनी तो वर्गात वाचून दाखवला.

१९८४ साली आजोबा गेले. त्यानंतर तीन-चार वर्षांनी, कॉलेजच्या सुट्टीत, आजीबरोबर सोप्यात बसून ज्वारी निवडत होते. बोलता बोलता त्या निबंधाचा विषय निघाला. आजी हसली. सुपातला खडा उचलून अंगणात भिरकावत म्हणाली, "गरीब सोभाव कसला डोंबलाचा! हरिजन आत गेलं, तवापासनं त्येंनी देवळात पाय टाकला न्हाई. देव बाटला म्हणायचे."

मी मूठ मिटून तशीच बसले. १९४७ ते १९८४. सदतीस वर्षं हा माणूस वर्षातून दोनदा पंढरपूरला जात होता, आणि दर वेळी विठोबाच्या दारातून परत फिरत होता.

धर्म आणि माणसाचे हक्क यांच्याविषयी पुढे मी पुष्कळ वाचलं, काही वर्षं शिकवलंही. पण या विषयाचं नाव निघालं की मला अजून पहिल्यांदा ते सूप दिसतं.

*

आजोबांच्या लेखी देव ज्या दिवसांत बाटला, त्या दिवसांची हकीकत मी नंतर शोधून शोधून वाचली. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४६ च्या कार्तिकी एकादशीला प्राणांतिक उपोषणाला बसायचं ठरवलं होतं. सेनापती बापटांनी आणि इतरांनी त्यांना थांबवलं. आधी महाराष्ट्राला हाक घालू, लोकांची मनं तयार करू, असं ठरलं. पुढचे काही महिने गुरुजी गावोगाव फिरले. सोबत राष्ट्र सेवादलाची मुलं, त्यांची गाणी, पोवाडे. या दौऱ्यात कुठे विहीर मोकळी झाली, कुठे देऊळ. पंढरपूरचं दार मात्र हललं नाही. १ मे १९४७ ला गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. त्यांना बसायला जागा मिळाली ती एका वारकरी महाराजांच्या मठात, आणि समोर विरोधाला उभे होते तेही माळकरीच. हा झगडा धार्मिक आणि अधार्मिक असा नव्हताच. दोन्हीकडे विठ्ठल होता.

खुद्द गांधीजींनी उपोषण सोडा म्हणून तार केली. गुरुजींनी ती मानली नाही. गांधीजींचा शब्द न मानणं त्यांना किती जड गेलं असेल! दिल्लीतल्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर मध्यस्थीला आले, बोलणी झाली, देवळाच्या पिढीजात पुजाऱ्यांनी, बडवे मंडळींनी मान्यता दिली आणि दहाव्या दिवसानंतर उपोषण सुटलं. देऊळ उघडलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला.

तेव्हा पंढरपुरात एक वार्ता पसरली होती. ती पुस्तकांतून सापडते आणि आजीच्याही कानावर आली होती. अस्पृश्य आत येण्याआधी मूर्तीतलं तेज मंत्रांनी काढून एका घागरीत ठेवलंय, आत आता नुसता दगड उरलाय, अशी ती वार्ता. मी आजीला विचारलं, आजोबांना हे खरं वाटायचं का?

"त्यांस्नी वाटत आसंल. मी म्हणलं, अठ्ठावीस युगं हुबा ऱ्हायलेला, घागरीत मावतो व्हय त्यो?"

आजी शाळेत गेली नव्हती. त्या वर्षीच्या आषाढीला ती नेहमीसारखी आत गेली आणि आजोबा बाहेर थांबले. घरी यावरून भांडण झालं का, तर नाही. निदान आजीनं तसं सांगितलं नाही. दोघं एकाच गाडीतून आली आणि एकाच गाडीतून परत गेली.

*

आजोबा जिथे उभे राहायचे तिथून चार पावलं पुढे चोखोबांची समाधी आहे. चोखोबा आमच्याच मंगळवेढ्याचे. वेशीचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली वेठीची माणसं गाडली गेली, त्यांत ते होते. ही चौदाव्या शतकातली गोष्ट. नामदेव हाडं गोळा करायला आले, तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून त्यांनी ती पंढरपूरला आणली आणि महाद्वारात समाधी दिली. ही कथा लहानपणी कीर्तनात ऐकताना मी रडत असे. कीर्तनकार ती रंगवायचेही तशीच.

कीर्तनात जे सांगत नसत ते असं, की पुढची सहाएकशे वर्षं ती समाधी म्हणजेच चोखोबांच्या माणसांची हद्द होती. इथवर या, इथून हात जोडा, परत फिरा. ज्याच्या हाडांत देव बोलला म्हणायचं, त्याची लेकरं त्या हाडांपलीकडे पाऊल टाकू शकत नव्हती. संताला पूज्य करून त्याच्या जातीला दाराबाहेर ठेवायची ही जी रीत आहे ना, ती मला उघड द्वेषापेक्षा जास्त भीती घालते. द्वेषाला निदान उत्तर देता येतं. इथे तर तुमच्याच आजोबांना खांद्यावर घेऊन तुम्हाला सांगतात, पुढं येऊ नका.

चोखोबांनी जाब विचारला नाही असं नाही. त्यांच्या अभंगांत तो आहे. त्यांच्या बायकोच्या, सोयराबाईच्या अभंगांत तर तो आणखी टोकदार आहे. देह विटाळातूनच जन्माला येतो, मग सोवळा कोण राहिला ते दाखवा, असं ती चौदाव्या शतकात विचारते. तिचा प्रश्न कुणा अधिकाऱ्याला नाही, थेट पांडुरंगाला आहे. तक्रार घेऊन जायला तिच्याकडे दुसरी जागाच कुठे होती?

*

दुसरी जागा उभी राहायला विसावं शतक उजाडावं लागलं. आणि ती उभी राहिली तीही एका तळ्याच्या काठी.

महाडच्या चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक प्यायले, हे आपण शाळेत शिकतो. त्यानंतर काय झालं ते घाईत उरकतो. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. मग तळं शुद्ध करण्यात आलं. दूध, दही, शेण, गोमूत्र घातलेल्या १०८ घागरी, मंत्रांसह. पुन्हा घागरी. (आपल्या धर्मरक्षणात या भांड्याला फार काम पडलेलं दिसतं.)

डिसेंबरात बाबासाहेब परत महाडला गेले. परिषदेला जागा कुणी देईना, शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली गेली. त्या ज्वाळांच्या उजेडात परिषदेतली दुसरी एक गोष्ट नजरेआड होते. बाबासाहेबांनी त्या भाषणात १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेची आठवण काढली होती, आपली ही परिषद त्याच जातीची आहे असं सांगितलं होतं. आणि परिषदेनं जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. माणसं जन्मतः समान आहेत आणि मरेपर्यंत समान राहतात, या अर्थाचा. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, अंगावर धड कपडा नसलेल्या माणसांसमोर. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा यायला तेव्हा एकवीस वर्षं अवकाश होता. मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची कल्पना, आपल्या मातीत ती रुजत नाही, असं म्हणणारे विद्वान मला सभा-समारंभांत भेटतात. त्यांना मी महाडची एस.टी. कुठून सुटते ते सांगते.

चवदार तळ्याचा दावा पुढे दहा वर्षं चालला. मुंबई हायकोर्टाचा निकाल १९३७ मध्ये लागला. म्हणजे पाणी पिण्याच्या हक्कासाठी आधी मार, मग दावा, मग दहा वर्षांचा खटला.

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पाच वर्षं रेंगाळला. दार उघडलं नाही. त्याविषयी बाबासाहेबांनी १९३४ मध्ये भाऊराव गायकवाडांना एक पत्र लिहिलं. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ मी सुरू केली नव्हती, आपण कुठे उभे आहोत याची त्यांना जाणीव व्हावी आणि त्यांच्यात जोर यावा म्हणून केली होती, असं त्यात ते म्हणतात. पुढच्या वर्षी येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ती खरी केली.

म्हणजे गुरुजी पंढरपूरचं दार उघडायला बसले, तेव्हा ज्यांच्यासाठी उघडायचं त्यांच्यातले पुष्कळजण पाठ फिरवून निघालेले होते. मला बरीच वर्षं या दोन गोष्टींची सांगड घालता येत नसे. गुरुजींचं उपोषण मग वाया गेलं का? एकदा एका मैत्रिणीजवळ हे बोलले. ती बौद्ध घरातली, आम्ही एकाच कॉलेजात शिकवायचो, डबा एकत्र खायचो. ती म्हणाली, "तुला वाटतं देऊळ उघडलं ते आमच्यासाठी. मी आजवर पंढरपूरला गेलेली नाही, जाणारही नाही. पण माझ्या आज्याला कुणी नको म्हटलं म्हणून मी जात नाही, की मलाच जायचं नाही म्हणून जात नाही, यात फरक आहे की नाही?"

मग भाजीचा डबा माझ्याकडे सरकवत म्हणाली, "तुझ्या आजोबांना मात्र हा फरक कळला असता. तेही बाहेरच राहिले की."

मी तोपर्यंत आजोबांकडे कधी त्या बाजूनं पाहिलं नव्हतं.

*

आजोबांना कुणी ओढून आत नेलं नाही. दार उघडायला भाग पाडणारा कायदा झाला, तो मोडणाऱ्याला शिक्षाही ठरली. पण आत जाच, अस्पृश्यांच्या शेजारी उभा राहाच, अशी सक्ती त्यात कुणावर नव्हती. देव बाटला असं मानायची आजोबांना मोकळीक राहिली. सदतीस वर्षं त्यांनी ती वापरली. बाहेर उभं राहायचा हक्क त्यांचा होता. दुसऱ्याला बाहेर उभं करायचा हक्क मात्र १९४७ मध्ये त्यांच्या हातून गेला, आणि तो कधी त्यांचा नव्हताच.

सोवळं हा शब्द मला यासाठी फार उपयोगी वाटतो. सोवळं नेसलेला माणूस इतरांपासून अंग चोरून चालतो. दुसऱ्यानं शिवू नये म्हणून आपण बाजूला व्हायचं, हा त्याचा मूळचा व्याप. आपलं सोवळं आपण सांभाळावं. खरा घोटाळा होतो तो माझ्या सोवळ्यासाठी तू रस्ता बदल, तू विहीर बदल, तू दाराबाहेर थांब म्हटलं की.

राज्यघटनेचं पंचविसावं कलम वाचताना मला हे पुन्हा दिसलं. धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या या कलमाची मांडणी मजेशीर आहे. हक्क नंतर येतो, अटी आधी येतात: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि या भागातल्या इतर तरतुदींच्या अधीन राहून. मग सांगितलंय की सर्वांना सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे. आणि खाली सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याची मुभा राज्याला राखून ठेवलीय. कायद्याच्या कोरड्या भाषेत हे नामदेव पायरीवरचं भांडण लिहिलेलं आहे. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम घटना समितीनं २९ नोव्हेंबर १९४८ ला स्वीकारलं. त्यानंतर अकराच दिवसांनी, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पहिल्या वाक्यात मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते. ते बदलून 'सर्व मानव' व्हावेत म्हणून भांडल्या त्या भारताच्या हंसा मेहता. आपल्याच घटना समितीच्या सदस्य.

इथवर सगळं छान जमून येतं. पण सोवळ्याचं माझं हे माप सगळीकडे लागू पडत नाही, हेही मला कबूल केलं पाहिजे.

एखाद्या समाजानं आपल्यातल्या एकाला बाहेर काढलं तर? मुंबई राज्यानं १९४९ मध्ये धर्मबहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक अशा मतांनी तो कायदा रद्द केला. पंथाला आपला धार्मिक कारभार पाहायचा हक्क आहे, आणि शिस्तीसाठी बहिष्कार हा त्याचाच भाग, असा बहुमताचा सूर. वेगळं मत देणारे होते खुद्द सरन्यायाधीश सिन्हा. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होऊन बसतो, हे त्यांनी बोलून दाखवलं. त्याला मशीद बंद, दफनभूमी बंद, नात्यागोत्याची दारं बंद. साठ वर्षांनी, २०२३ मध्ये, कोर्टानं हा प्रश्न पुन्हा नऊ न्यायाधीशांकडे सोपवायचं ठरवलं.

बोहरा समाजाचं उदाहरण वाचताना आपल्याला सोपं वाटतं, कारण ते दुसऱ्यांचं आहे. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात आणि त्यासाठी धर्मगुरूही लागत नाही, गावकी पुरते. रायगडकडची कितीतरी प्रकरणं गेल्या दहा-पंधरा वर्षांत उजेडात आली. दळण देऊ नका, दुकानातून माल देऊ नका, मयताला जाऊ नका, पालखी त्यांच्या दारात नेऊ नका. पालखी दारात न येणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या दारावरून पालखी सलग चार वर्षं न थांबता गेली. त्या दर वर्षी आरतीचं ताट तयार करून उंबऱ्यात उभ्या राहायच्या. ताट आत न्यायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा तयार करायच्या. अंनिसनं, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं, जातपंचायतींविरुद्ध रान उठवलं, ते नरेंद्र दाभोलकरांच्या शेवटच्या दिवसांत, २०१३ मध्ये. त्यातून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा आला, तो २०१६ चा. कायद्यानं दुकानदाराला माल द्यायला लावता येतो. पालखीला थांबायला कसं लावणार?

आणि आपल्या मापाची खरी परीक्षा आपल्याला न आवडणाऱ्या ठिकाणी होते. २०२२ मध्ये शेजारच्या कर्नाटकात कॉलेजच्या दारात डोक्यावर कापड घेतलेल्या मुलींना अडवलं गेलं. हायकोर्टानं सरकारची बाजू उचलून धरली, सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांची मतं वेगवेगळी पडली. मला हिजाब आवडत नाही. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकविरुद्ध सात मुसलमान बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, त्या सात जणींचे फोटो पाहून माझा ऊर भरून येतो. पण कॉलेजच्या फाटकात उभ्या त्या मुलीकडे पाहताना मला आजोबा आठवले. त्यांच्या डोक्यातल्या त्या भयंकर कल्पनेसकट त्यांना कळसाला हात जोडू देणारा देश आपला. आणि ही मुलगी तर दुसऱ्या कुणालाही आडवी येत नव्हती, स्वतःच्याच डोक्यावर पदर घेऊन वर्गात जाऊ पाहत होती. तिच्यावर घरून बळजबरी असेल तर? असू शकते. मग शाळा हीच तिला त्या घरातून रोज चार तास बाहेर आणणारी एकमेव वाट, आणि तीच बंद करायची?

या मतावरून माझी निम्मी मित्रमंडळी माझ्यावर नाराज आहेत. उरलेली निम्मी शनिशिंगणापूरवरून.

*

शिंगणापूरला चौथऱ्यावर बायकांना बंदी होती. २०१५ च्या नोव्हेंबरात एक मुलगी चौथऱ्यावर चढली, तर तो धुऊन काढला. मग आंदोलन, हायकोर्टात याचिका. १ एप्रिल २०१६ ला मुंबई हायकोर्टानं सरकारला आठवण करून दिली की १९५६ चा प्रवेशाचा कायदा तुमच्याकडे आहे, तो अंमलात आणा. आठवड्यानं गुढीपाडव्याला दार उघडलं. अस्पृश्यांसाठी केलेला कायदा साठ वर्षांनी बायकांच्या कामी आला, हे मला फार आवडलं. मी आईला फोन केला. आई म्हणाली, "बरं झालं. पण मी नाही हं जाणार. आणि तूही जाऊ नकोस, शनी तो."

आईला दोष देत नाही. आईची चार दिवस बाजूला बसायची जागा मला पाठ आहे: पडवीतला पूर्वेचा कोपरा, घोंगडं, वेगळी ताटली. आणि तिला तिथे बसवणारी कोण? घागरीवाली आजी. जिनं देवाचा बाट मानला नाही, तिनं सुनेचा मानला. मी एकदा तिला हे तोंडावर विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "ते येगळं." काय वेगळं ते तिनं सांगितलं नाही, आणि मीही ताणलं नाही. नऊ वर्षांची असताना मी स्वतः आमच्या सालगड्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलंय. तांब्या उंच धरून, शिंतोडा परत भांड्यावर येऊ नये अशा बेतानं. ते मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. त्याची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात असायची, कान तुटलेली. माझ्या निबंधात ती नव्हती.

*

गेल्या वर्षी आषाढीनंतर, गर्दी ओसरल्यावर, पंढरपूरला गेले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं संपले. त्याचा कायदा १९७३ चाच होता, निकालाला चाळीस वर्षं लागली. त्यानंतर मंदिर समितीनं पुजाऱ्यांसाठी जाहिरात काढली, कोणत्याही जातीचे चालतील, बायकाही चालतील अशी. त्या वेळी आजी असती तर काय म्हणाली असती, याचा मी रांगेत उभी राहून विचार करत होते. रांग तशी छोटी होती. तासाभरात पायांवर डोकं टेकवून बाहेरही पडले. तिथे एक सेकंदही थांबू देत नाहीत.

बाहेर येऊन चोखोबांच्या समाधीला हात लावला आणि मागे मागे चालत आजोबांच्या जागी जाऊन उभी राहिले. आता तिथे पेढ्यांचं आणि फोटो फ्रेमचं दुकान आहे. वायरींच्या जाळ्यातून कळस जेमतेम दिसतो. मागून डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एक बाई आल्या, म्हणाल्या, "माउली, वाटंतनं बाजूला व्हा की." मी सरकले.

आजीनं त्या ज्वारी निवडायच्या दुपारी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. ती दर्शन घेऊन वाळवंटात परतायची, तेव्हा पदराच्या गाठीत विठोबाच्या पायावरचा बुक्का असायचा. त्याच देवाच्या पायावरचा, जो आजोबांच्या लेखी घागरीतून परत आलाच नव्हता. आजोबा कीर्तनात बसलेले असायचे. ती त्यांच्यासमोर गाठ सोडायची.

"मग?" मी विचारलं होतं.

"मग काय. कपाळ फुडं करायचे."